शेंगा चटणीची सवय लावावी का?

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा आहे. शेंगा चटणीचं बोट चाटलं तरी ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. सासूबाई म्हणतात, रोज चिमूटभर द्या, सवय होईल. देऊ का?
– एक आई, सोलापूर

उत्तर : घरी अजिबात नको. सासूबाईंचा तर्क चुकीचा नाही, चूक मापात आहे. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवर डॉक्टरही असंच थोडं थोडं देऊन सवय लावतात (ओरल इम्युनोथेरपी). या उपचारात पहिल्या दिवशी दवाखान्यात शेंगदाण्याच्या अर्धा मिलिग्रॅम प्रथिनापासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने 6 मिलिग्रॅमपर्यंत जातात. ग्रॅमभर चटणीत ते 200 मिलिग्रॅमच्या आसपास भरतं! पुढे साधारण दर दोन आठवड्यांनी डोस वाढवून 300 मिलिग्रॅमवर आणतात. म्हणजे जेमतेम एक दाणा. वाढीव डोस दवाखान्यातच, नंतर तासभर देखरेख. मधले डोस रोज घरी, पण भरल्या पोटी.

घोळ होतो तो इथेच. डोस घेऊन पोरगं लगेच उन्हात क्रिकेटला पळालं किंवा कढत पाण्याने आंघोळ केली, तर एरवी पचलेल्या डोसनेही रिअ‍ॅक्शन येऊ शकते. दोन-तीन तास धावपळ नको. ताप, जुलाब असताना आणि डोस चुकल्यावर आधी डॉक्टरांना विचारा. दमा आटोक्यात नसेल तर उपचार सुरूच करत नाहीत.

श्वास लागला, आवाज बसला, वारंवार उलट्या झाल्या तर मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. सेट्रिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळीवर वेळ घालवू नका. इंजेक्शन कसं द्यायचं हे आधीच शिकून घ्या.

बहुतेकांना ही अ‍ॅलर्जी कायमची जात नाही, चुकून खाल्लेल्या दाण्यापासून बचाव होतो. म्हणून डोस चालू ठेवावा लागतो. चटणी मात्र बंदच, घाण्याचं शेंगतेलही.