काळजी वाटते म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, आणि विचारणारे बहुतेक जण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मनापासून राबणारेच असतात. त्यातल्याच एकींची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

त्या नगरकडच्या, नर्स, पंचेचाळिशीच्या आसपास. सगळे सिस्टर म्हणायचे म्हणून मीही सिस्टरच म्हणायला लागले. मिस्टरांची कंपनी बंद पडली, घराचा हप्ता यांच्या एकटीच्या पगारावर आला, त्यात मुलगा बारावीला. रोज पहाटे तीनला दचकून जाग यायची, छातीत धडधड, अंगाला घाम, पुन्हा झोप म्हणून नाही. मग किचनचा लाईट लावून त्या रेशनचा तांदूळ निवडत बसायच्या, एक परात झाली की दुसरी. "हात रिकामे राहिले ना ताई, की हप्त्याची तारीखच डोळ्यांपुढे येते."

पण खरं दुखणं तिसऱ्या भेटीत निघालं. चार महिने त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत प्रभूच्या आठवणीसाठी देतात ती भाकर आणि द्राक्षारस, घेतलं नव्हतं. ती वेळ आली की हळूच उठून बाहेर जायच्या आणि चपलांपाशी उभ्या राहायच्या. का, तर एका नातेवाइकाने सांगितलेलं, खरा विश्वास असेल तर भीती उरतच नाही. आणि "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन त्यांना आपण रोज मोडतोय अशा हुकमासारखं वाटायचं.

मला या बोलण्याचा खरंच राग येतो. आधीच बुडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर दगड ठेवायचा, आणि तोही देवाच्या नावाने! मी त्यांना म्हटलं, सिस्टर, हे वचन लिहिलं तेव्हा प्रेषित पौल कैदेत होता, आणि याच पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 11व्या अध्यायात सांगितलंय की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर येऊन पडते. त्याला कुणी कमी विश्वासाचा म्हणत नाही ना? पकडून नेण्याआधी गेथशेमाने बागेत तर खुद्द प्रभू येशूचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता आणि तो मित्रांना जवळ थांबा म्हणत होता.

मग जुन्या करारातल्या 1 राजे या पुस्तकाचा 19वा अध्याय वाचायला दिला. एलीया संदेष्टा जिवाच्या भीतीने पळून रानात गेलाय, झुडपाखाली बसून आता पुरे झालं म्हणत मरण मागतोय, आणि तिथेच झोपी जातो. देवदूत येतो तो उपदेश करायला नाही, तर ऊठ, खा म्हणायला. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि उशाशी पाणी. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो, मग दुसऱ्यांदा उठवून परत खायलाच देतात. देव त्याच्याशी बोलतो ते त्याच्या पुष्कळ नंतर. सिस्टर बोट ओळीवर ठेवून बराच वेळ गप्प बसल्या, नंतर म्हणाल्या, "म्हणजे आधी झोपू दिलं त्याला?"

तिथून आमचं काम सुरू झालं. पहिलं म्हणजे तपासण्या, थायरॉईड ठीक निघालं पण हिमोग्लोबिन 9 होतं, म्हणजे शरीरही थकलेलंच होतं. सायकियाट्रिस्टनी काही महिन्यांसाठी गोळी दिली, ती घ्यायला त्या तयार नव्हत्या, प्रार्थनेवर भरवसा नाही असं होईल म्हणून. मी एवढंच विचारलं, वॉर्डात इन्सुलिन देताना पेशंटचा विश्वास तपासता का हो तुम्ही? (सायकियाट्रिस्टकडे जायची सोय नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 नंबरवर फुकट बोलता येतं, तोही मी सगळ्यांना देते.)

दुसरं, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं नवरा-बायकोने वही घेऊन बसायचं. मनात असेल ती काळजी लिहायची, आज काही करता येण्यासारखं असेल तर ते समोर लिहायचं, नसेल तर ती काळजी मोठ्याने वाचून प्रभूवर टाकायची, पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितलंय तशी. त्या वहीतूनच मिस्टर बँकेत गेले, कर्जाची मुदत वाढवून घेतली, हप्ता थोडा उतरला. आणि तीनला जाग आलीच तर लाईट नाही, मोबाईल नाही, फक्त स्तोत्र 4 ची शेवटची ओळ, "मी स्वस्थपणे पडून लागलाच झोपी जातो", सावकाश श्वास सोडत म्हणायची. लांब श्वास सोडला की धडधड खरंच उतरते, हे नर्सला मी काय सांगणार!

दोनेक महिन्यांनी एका रविवारी त्या बाहेर गेल्या नाहीत. "भीती होतीच ताई, भीतीसकट घेतलं," असं फोनवर म्हणाल्या आणि रडल्या.

अजून आठवड्यातून एखादी रात्र तशी जातेच. पण मागच्या महिन्यात सांगत होत्या, मुलगा जेवता जेवता म्हणाला, मम्मी, भातात खडा लागला, कितीतरी दिवसांनी. आणि त्या दोघांना कारण कळेना इतक्या हसत सुटल्या.