भाच्याला ब्लड कॅन्सर झालाय, पुढच्या आठवड्यात केमो सुरू होतेय. घरच्यांनी काय काय शिकून ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की भाचा पाच वर्षांचा आहे, ए.एल.एल. (पांढऱ्या पेशींचा, झपाट्याने वाढणारा ब्लड कॅन्सर) निघालंय, भाऊ-वहिनी त्याला घेऊन मुंबईला आलेत आणि तुम्ही आत्या म्हणून पुढचे काही महिने त्यांच्यासोबत राहणार आहात. मी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, चौदा वर्षं झाली, त्यामुळे डॉक्टर काय सांगतील ते सोडून आम्ही सिस्टर लोक आईवडिलांना पलंगाशेजारी उभं राहून जे सांगतो तेच इथे लिहिते.

आधी एक सांगते. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर हाच, आणि बरा होणाऱ्यांपैकीही हाच. ज्या देशांत सगळी ट्रीटमेंट नीट पूर्ण होते तिथे दहापैकी आठ-नऊ मुलं बरी होतात. पण ट्रीटमेंट लांबलचक असते, दोन-अडीच वर्षं, आणि पोरगं महिन्याभरात हसायला खेळायला लागलं की घरच्यांना वाटतं झालं आता, गावी जाऊ. तसं करू नका. पहिल्या चार-पाच आठवड्यांच्या इंडक्शननंतर, म्हणजे सुरुवातीच्या जोरदार केमोनंतर, रिपोर्टमध्ये आजार दिसेनासा झाला तरी तो संपलेला नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका. ताप. केमोने पांढऱ्या पेशी पडतात, आम्ही म्हणतो काउंट पडले. आपल्याला जखम झाली की ती लाल होते, सुजते, पू होतो, ते सगळं त्या पांढऱ्या पेशींमुळे होतं. पेशीच नसल्या तर ना सूज ना पू, आत इन्फेक्शन पसरत असतं आणि बाहेर खूण बहुतेक वेळा एकच, ती म्हणजे ताप. म्हणून १००.४ दिसला की निघायचं, रात्रीचे दोन असू देत नाहीतर दिवाळी असू दे. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर एका तासाच्या आत पहिलं अँटिबायोटिक शिरेतून जायला हवं, आम्ही घड्याळ लावून पळतो त्यासाठी. घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, कारण ताप उतरतो आणि इन्फेक्शन तिथेच राहतं.

आमच्याकडे एक सहा वर्षांचा मुलगा होता, नाशिककडचा. रात्री नऊला १०१ ताप, आईने औषध पाजलं, ताप उतरला, पोरगं शांत झोपलं, तिला वाटलं बरं वाटतंय. सकाळी हातपाय गार, उठेना. वडील जवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेले तर तिथे फाईल न बघताच व्हायरल म्हणून कुल्ल्यावर इंजेक्शन दिलं, प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) फक्त १८ हजार असताना, तिथे मुठीएवढी काळी गाठ आली. आमच्यापर्यंत पोचला तेव्हा बीपी लागत नव्हतं. अकरा दिवस आयसीयूत होता. वाचला, आता शाळेत जातो, पण ती आई अजून मला भेटली की त्या रात्रीचंच बोलते आणि मी तिला दरवेळी सांगते की तुझी चूक नाही, तुला कोणी बसवून समजावलं नव्हतं. म्हणून मी आता प्रत्येकाला बसवून समजावते, कंटाळा येईपर्यंत.

यातच अजून दोन गोष्टी. केमोसोबत दिलं जाणारं स्टेरॉइड चालू असताना कधीकधी ताप दाबला जातो, त्यामुळे ताप नसला पण पोरगं मलूल आहे, थंडी वाजून कापतंय, पोट खूप दुखतंय, तरी यायचं. आणि शौचाच्या जागेतून थर्मामीटर, सपोझिटरी, एनिमा काही घालायचं नाही, तिथली नाजूक कातडी फाटली की जंतू थेट रक्तात जातात.

स्टेरॉइडचं सांगायचं तर वहिनींना आधीच तयार करा. रात्री दोनला उठून पोळी मागेल, वरण-भात दिला की अजून मागेल, चेहरा गोल होईल, आणि चिडचिड अशी की हे आपलंच पोर का असं वाटेल. ते औषध बोलतं, तो नाही. रागावू नका. फक्त लोणचं-पापड-वेफर्स आणि गोड कमी करा, कारण बीपी आणि साखर दोन्ही वाढू शकतं.

व्हिन्क्रिस्टिन नावाचं एक औषध बहुतेक दर आठवड्याला मिळेल. ते शिरेबाहेर सांडलं तर कातडी जाळतं, म्हणून देताना पोरगं आग होतेय म्हणालं तर लगेच सिस्टरला ओरडून सांगा, लाजू नका. आणि हेच औषध चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर जीव जातो. पाठीतून देतात ते वेगळं औषध असतं. म्हणूनच आम्ही ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीतून देतो आणि दोन सिस्टर नाव, फाईल, डोस मोठ्याने वाचतात. त्या वाचत असताना तुम्हीही ऐका, नाव चुकीचं वाटलं तर थांबवा, कोणी रागावणार नाही. व्हिन्क्रिस्टिनने शौचाला घट्ट होतं, जबडा दुखतो, कधी चालताना पाऊल ओढल्यासारखं होतं, दोन दिवस संडास झाली नाही तरी सांगायचं.

लाल रंगाची केमो मिळाली की लघवी केशरी-लाल होते, ते रक्त नाही, घाबरू नका. केमोनंतर दोन दिवस त्याची लघवी-उलटी साफ करताना ग्लव्हज घाला, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने ते काम करू नये.

खाणं घरचं, ताजं, गरम. पाणी उकळून. सोलून खायची फळं चालतात, केळं, संत्रं, पण उसाचा रस, पाणीपुरी, कच्ची कोशिंबीर काउंट पडलेले असताना नाही. दात मऊ ब्रशने, खाल्लं की मिठाच्या पाण्याने चूळ, तोंड आलं की पोर खात नाही आणि वजन झपाट्याने उतरतं. कोणीतरी नक्की येऊन सांगेल की अमुक गावचा काढा द्या. देऊ नका, निदान डॉक्टरांना न विचारता तरी अजिबात नको, त्यात काय असतं माहीत नसतं आणि लिव्हरवर आधीच भार असतो.

कांजण्या किंवा गोवर झालेल्या मुलाजवळ तो बसला असेल तर त्याच दिवशी फोन करा, पुरळ यायची वाट बघायची नाही. आणि त्याला धाकटं भावंड असेल तर त्याला पल्स पोलिओचे थेंब द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, त्या लसीतला विषाणू जिवंत असतो. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

पुढे मेंटेनन्सला, म्हणजे शेवटच्या सौम्य टप्प्याला आलात की घरीच गोळ्या असतात. एक रोजची आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. एकदाच. ती रोज दिली गेली तर फार वाईट होतं. कालनिर्णयवर ठरलेल्या वाराला गोल करा आणि गोळी द्यायचं काम घरात एकाच माणसाकडे ठेवा.

पोराशी खोटं बोलू नका, हे मी हात जोडून सांगते. सुई दुखणार नाही म्हटलं आणि दुखली की तो पुढची दोन वर्षं तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. सांगा की टोचेल, थोडं दुखेल, मी हात धरून बसते, आपण दहापर्यंत मोजू. बधिर करायचं क्रीम मिळतं का विचारा, तासभर आधी लावावं लागतं. या वयाच्या मुलांना मनातून वाटत असतं की मी मस्ती केली म्हणून मला आजार झाला. न विचारताच त्याला सांगा की तुझ्यामुळे नाही झालं. एका मुलीने मला हे चौथ्या महिन्यात विचारलं होतं, चार महिने ती ते मनात घेऊन फिरत होती.

पैशाचं आणि राहण्याचं विचारलंत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं आधी बघा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. परळला टाटात असाल तर मुलांच्या विभागात इम्पॅक्ट नावाच्या मदत-संस्थेचे लोक मदत करतात. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, शिवाय सेंट ज्यूडची सेंटर्स आहेत, तिथे अशा कुटुंबांना मोफत ठेवतात, पण हॉस्पिटलच्या सोशल वर्करमार्फतच जावं लागतं, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना भेटा.

आणि अ‍ॅडमिट झालात की पहिल्या दिवशी सिस्टरला विचारून घ्या की रात्री ताप आला तर कुठल्या गेटने यायचं आणि कुठला नंबर फिरवायचा. तो नंबर तुमच्या, भावाच्या, वहिनींच्या तिघांच्या फोनमध्ये, शिवाय फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. एक पिशवी भरून दाराशी ठेवा, त्यात फाईल, थर्मामीटर, चार्जर, त्याचं पांघरूण आणि टॅक्सीचे सुटे पैसे.