पुणं चालतं, मग पटणचेरू का नाही?

प्रश्न : मी लातूरचा, जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. मुलगी एमएस्सी (कृषी), वय 28. तिला हैदराबादजवळ पटणचेरूला बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आहे. मुलगी-जावई आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. जावई नीटच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. आता दोघंही आमची कुत्री ढवळी आणि दोन मांजरं घेऊन निघाले आहेत. जावयांनी इथंच राहावं, कुत्री शेतातल्या आखाड्यावर सोडावी, नाहीतर मुलीनं पुण्यात नोकरी बघावी किंवा एमपीएससी द्यावी, असं माझं म्हणणं. जावई बायकोच्या मागं गेले तर लोक काय म्हणतील? तिला समजावून सांगा.

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिला समजावण्यासारखं मला त्यात काही सापडलं नाही. बोलायचंय ते तुमच्याशीच.

पत्राच्या शेवटी तुम्ही अभिमानानं लिहिलंय की नोकरीत सात बदल्या झाल्या, पण काकूंनी कधी तक्रार केली नाही. देवणी, अहमदपूर, औसा, दर वेळी टेम्पोत गाद्या-भांडी भरून त्या तुमच्या मागं आल्या. तेव्हा गावानं त्यांना नावं ठेवली का? उलट संसार सांभाळला म्हणून कौतुकच केलं. आता तेच जावई करतायत, तर तुम्हाला रात्री झोप नाही. जावयांनी एका शब्दानं कुरकुर केल्याचं पत्रात कुठंच नाही. त्यांची लाज तुम्हाला का वाटावी?

नवऱ्याला मागं ठेवून गेलेल्या मुली माझ्याकडं येतात. दर शनिवारी रात्रीची बस, सोमवारी पहाटे परत थेट कामावर. वर्षभरात राजीनामा, आणि घरचे म्हणतात, हिला नोकरी झेपली नाही. काम झेपलेलं असतं, गुरुजी. झेपत नाही ते हे दोन गावचं जगणं.

पुण्याचं म्हणाल, तर नकाशा काढा. लातूरहून पुणं सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. पटणचेरू उदगीर, बीदर, जहीराबादमार्गे त्याहून बरंच जवळ. ते हैदराबादच्या अलीकडं, आपल्याच बाजूला आहे, शहर ओलांडायचंही कारण नाही. 1948 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता, आपल्या आजोबांच्या पिढीतली मुलं शिकायला उस्मानिया विद्यापीठात जायची. शिवाय इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था 1972 पासून पटणचेरूलाच आहे. बियाण्यात काम करणाऱ्या मुलीला याहून चांगलं ठिकाण मी तरी सुचवू शकत नाही.

एमपीएससी तिकडं राहूनही देता येते. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38 आहे.

एक गैरसमज मात्र तुमच्या पत्रात दिसला, आणि तो बऱ्याच घरांत असतो. ‘ऑफर आली, आता काही मागितलं तर ती रद्द करतील.’ रीतसर विचारलं म्हणून सहसा कुणी ऑफर मागं घेत नाही. ऑफर हातात आल्यापासून रुजू होईपर्यंतचे दिवसच बोलायचे असतात, नंतर कुणी ऐकत नाही. सामान हलवायचा खर्च मिळेल का, पहिले पंधरा दिवस कंपनीचं गेस्ट हाऊस मिळेल का, तारीख दोन-तीन आठवडे पुढं जाईल का, हे तिनं साध्या ईमेलनं विचारावं. जे कबूल होईल ते लेखी घ्यावं. नोटीस पिरियड आणि बाँडचं कलमही नीट वाचावं.

करिअरचा खरा प्रश्न या पत्रात जावयांचा आहे, आणि त्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही. चालू बॅच अर्धवट सोडू नये, मुलांचं वर्ष असतं ते. बॅच संपवून जावं, तोवरची थोडी ताटातूट त्या दोघांनी आपसात ठरवावी. नीट देशभर एकच, त्यामुळं फिजिक्स तेच राहील. फक्त तिकडं वर्गात पूर्णवेळ इंग्रजीत शिकवावं लागेल, त्याची तयारी आजपासून करावी. लातूरला शिकवल्याचा अनुभव मुलाखतीत निःसंकोच सांगावा.

आता ढवळी. 2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, तुम्ही घागरीतलं पाणी वाटीत घालून हे पिल्लू जगवलं. तुम्हीच लिहिलंय. रात्री ती तुमच्या बाजेखाली झोपते, हेही लिहिलंय. अशी म्हातारी, घरातली कुत्री आखाड्यावर सोडली तर तिथली कुत्री तिला जगू देणार नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मला वाटतं, आखाडा हे निमित्त आहे. वरचा मजला रिकामा होणार, याचं तुम्हाला दुःख आहे. ते मुलीजवळ तसंच बोला, अटी घालून नको.

घरमालकाला जनावरांचं आधीच सांगावं आणि भाडेकरारात लिहून घ्यावं. रेबीजच्या लसीचं कार्ड जवळ ठेवावं. मांजरं वेगवेगळ्या पिंजऱ्यांत न्यावीत आणि पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावीत. रेल्वेत कुत्र्याला फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन घेतली तरच सोबत नेता येतं, नाहीतर सामानाच्या डब्यात. त्यापेक्षा गाडी करा, पहाटे ऊन चढायच्या आत निघा. मागच्या सीटवर ढवळीजवळ तुम्ही बसा, तिला तुमची सवय आहे.