हतनूरच्या चिखलातले ते बारीक तपकिरी पक्षी कसे ओळखायचे?

तुम्ही विचारलंय की थंडीत हतनूरच्या (जळगाव जिल्ह्यातलं तापीवरचं धरण) बॅकवॉटरला चिखलात पळणारे बारीक तपकिरी पक्षी सगळे एकसारखेच दिसतात, पुस्तकातल्या चित्रांशी जुळवले तरी नाव सापडत नाही. मी पंधराएक वर्षं चांगदेवच्या संगमापाशी, म्हणजे तापी-पूर्णा मिळतात तिथे, पक्षी बघतोय. माझं पहिलं सांगणं हेच की रंग सोडून द्या. हे पाहुणे आपल्याकडे असतात तेव्हा बहुतेक काळ साध्या हिवाळी पिसाऱ्यात असतात, वरून तपकिरी आणि खालून पांढरे. रंगावर गेलात की घोळ होणारच. पाय बघा, चोच बघा, चाल बघा. उडाला तर पंखांवर नजर ठेवा.

खरी परीक्षा तीन तुतारींची असते (म्हणजे सँडपायपर पक्षी, कुणी तुतवारही म्हणतात). तिघी साळुंकीपेक्षा लहान. साधी तुतारी दगडावर किंवा धरणाच्या पिचिंगवर, म्हणजे भिंतीच्या उतारावरच्या दगडी अस्तरावर, एकटीच दिसते आणि तिचा मागचा भाग सारखा वर-खाली होत असतो, थांबतच नाही. खांद्यापाशी, पंखाच्या पुढे, पांढऱ्या रंगाची एक पाचर वर चढलेली दिसते. ती दिसली की नाव पक्कं. उडते तेव्हा पाण्याला चिकटून, पंख ताठ धरून, थरथरत जाते.

ठिपकेवाली तुतारी उघड्या चिखलात, ओल्या गवतात, बऱ्याचदा चार-सहा जणींसोबत. पाय पिवळसर, पाठीवर ठिपके ठसठशीत, आणि डोळ्यावरची पांढरी भुवई लांब, पार डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली.

हिरवी तुतारी मात्र नावाने फसवते. तिच्यात हिरवं असं काही डोळ्यांत भरत नाही, पाठ गडद काळपट असते. ती धरणापेक्षा नाल्यात, पाटचारीत जास्त भेटते. एका जानेवारीत रावेरकडे केळीच्या बागेलगतच्या चारीतून जाताना माझ्या पायाशीच एक उडाली. ओरडत उठली, पंख वरून-खालून काळे आणि कमरेवर लख्ख पांढरा ठिपका. त्याआधी दोन हिवाळे मी तिला ठिपकेवाली म्हणून वहीत लिहीत होतो. त्या दिवसानंतर चूक झाली नाही. पंखांची खालची बाजू काळी तर हिरवी, फिकट तर ठिपकेवाली. भुवईसुद्धा हिरवीची आखूड, डोळ्यापुढेच संपते.

चिमणीएवढे पक्षी थव्याने चिखलात भराभर चोच मारत असतील तर ते छोटे टिलवे. पाय काळे. तेवढाच पक्षी, पण छाती एकसारखी मळकट आणि पाय पिवळसर असतील तर तो टेमिंकचा टिलवा. आर्क्टिकच्या काठावर जन्मलेला पंचवीस-तीस ग्रॅमचा जीव आपल्या तापीच्या चिखलात बघताना मला अजूनही भरून येतं.

चिखल्यांची चाल वेगळीच. चार पावलं पळतो, थबकतो, वाकून टिपतो, पुन्हा पळतो. डोळ्याभोवती पिवळं कडं असेल तर छोटा कंठेरी चिखल्या. गळ्यातला पट्टा पुढे तुटलेला आणि पाय काळे तर केंटिश चिखल्या.

शेकाट्याबद्दल काही सांगायला नको. लांब गुलाबी पाय, काळी सरळ चोच, लांबूनच कळतो. त्याच्या शेजारी फिरणारा, हिरवट लांब पायांचा आणि सुईसारख्या बारीक चोचीचा पक्षी दिसला तर ती दलदली तुतारी. चोच जाड, किंचित वर वळलेली आणि उडताना 'ट्यू-ट्यू-ट्यू' अशी तीनदा हाक असेल तर हिरव्या पायांचा टिलवा.

बदकांची काळजी आत्ता करू नका. हळदी-कुंकू, थापट्या, चक्रवाक हे दुर्बिणीतून पहिल्याच आठवड्यात ओळखू येतात.

सकाळी जा, सूर्य पाठीशी ठेवा. हिवाळ्यात पाणी जसजसं ओसरतं तसतसा नवा चिखल उघडा पडतो आणि पक्षी तिकडे सरकतात, म्हणून दर खेपेला जागा बदलावी लागेल. काठावर उभं राहू नका, बसा. अर्धा तास हललात नाही तर साधी तुतारी दहा फुटांवर येते. आधी तिच्या खांद्यावरची पांढरी पाचर शोधा. ती दिसली की मला इथेच कळवा, मग पुढच्या पक्ष्याकडे वळू.