जपानी लाकडी ठशांची छपाई आज कोण करते?

होकुसाई आणि हिरोशिगे या एकोणिसाव्या शतकातील जपानी चित्रकारांच्या काळातील लाकडी ठशांची छपाई आजही कोणी त्याच पद्धतीने करते का, आणि करत असल्यास आधी कोणाचे काम पाहावे, असा आपला प्रश्न आहे. मी मुद्राचित्रणाचे काम करते आणि ‘मोकुहांगा’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत माझ्या विशेष आवडीची आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जुन्या काळी अशा चित्रामागे किमान चौघे असत. चित्रकार रेखाटन करी, दुसरा ते लाकडावर कोरी, तिसरा छापी आणि प्रकाशक पैसा घालून सर्वांना एकत्र आणी. होकुसाईने तरुणपणी कोरणाऱ्याकडे उमेदवारी केली होती, तरी त्याची गाजलेली चित्रे इतरांनी कोरली आणि छापली आहेत. पुढे 1904 साली यामामोतो कानाए या चित्रकाराने मच्छीमाराचे एक लहानसे चित्र स्वतःच काढले, कोरले आणि छापले, आणि तेथून ‘सगळे एकाच हातचे’ असा आग्रह धरणारी दुसरी धारा सुरू झाली. आजचे कलावंतही या दोनपैकी एका वाटेने जातात, त्यामुळे कोणतेही काम पाहताना ते कोणी कोरले आणि कोणी छापले हे मी सर्वप्रथम विचारते.

पहिल्या वाटेचे ठळक उदाहरण म्हणजे तोक्योची आदाची ही संस्था. तेथे आजही कोरणारे आणि छापणारे कारागीर शिकवून तयार केले जातात. ठिपक्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या जपानी चित्रकार यायोई कुसामा यांच्या फुजी पर्वताच्या चित्रावरून 2014 मध्ये तेथे छापचित्रे झाली. त्या चित्रातील 14,685 ठिपके कोरणाऱ्याने एकेक करून हाताने कोरले. कुसामांचा ठिपका वरवर यांत्रिक वाटला तरी प्रत्येकाची कड वेगळी असते, आणि ती कड सांभाळणे हेच त्या कारागिराचे कर्तृत्व आहे. अमेरिकेतील क्राउन पॉइंट प्रेस या छापचित्रांच्या प्रकाशन संस्थेने 1980च्या दशकात चित्रकारांना क्योतोला नेऊन तादाशी तोदा यांच्यासारख्या निष्णात छपाईकाराबरोबर काम करण्याची संधी दिली. इटालियन चित्रकार फ्रांचेस्को क्लेमेंते यांच्या जलरंगातील आत्मचित्रावरून 1984 मध्ये असेच छापचित्र तयार झाले. अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेंथेलर यांचे ‘मादाम बटरफ्लाय’ (2000) 46 ठशांवरून 102 रंगांत छापले गेले, तर अमेरिकेचेच चित्रकार चक क्लोज यांच्या ‘एमा’ला (2002) 113 रंग लागले, आणि या दोन्ही कामांमागे छपाईकार यासुयुकी शिबाता यांचे कौशल्य होते. संग्रहालयातील पाटीवर चित्रकाराचे नाव मोठे आणि छपाईकाराचे बारीक असते, किंवा अजिबात नसते, याची मला मनापासून खंत वाटते.

दुसऱ्या वाटेवर मला डेव्हिड बुल सर्वांत महत्त्वाचे वाटतात. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि कॅनडात वाढलेले बुल 1986 मध्ये जपानला गेले आणि 1989 पासून दहा वर्षे कात्सुकावा शुन्शो या अठराव्या शतकातील चित्रकाराच्या शंभर कवींच्या चित्रमालेची पुनर्निर्मिती त्यांनी एकट्याने केली. वर्षाला दहा चित्रे, कोरणेही त्यांचे आणि छापणेही त्यांचेच. पुढे जेड हेन्री या अमेरिकन चित्रकाराने व्हिडिओ गेममधील पात्रे जुन्या जपानी शैलीत रेखाटली आणि 2012 मध्ये इंटरनेटवरून वर्गणी गोळा करून या दोघांनी ती लाकडी ठशांवरून छापून लोकांपर्यंत पोहोचवली. तोक्योतील आसाकुसा भागात 2014 मध्ये उघडलेल्या बुल यांच्या ‘मोकुहानकान’ या कार्यशाळेत तर पुन्हा जुनी श्रमविभागणी आली, कारण तेथे छपाईसाठी इतरांना शिकवून तयार केले गेले. म्हणजे एकाच माणसाने दोन्ही वाटा चालून पाहिल्या.

स्कॉटलंडचे पॉल बिनी यांनी तोक्योत सेकी केंजी यांच्याकडे छपाई शिकून घेतली. गोंदवलेल्या शरीरांची त्यांची चित्रमाला अवश्य पाहावी. केइजी शिनोहारा यांनी क्योतोत दहा वर्षे उमेदवारी केली आणि नंतर अमेरिकेत अध्यापन पत्करले. त्यांची निसर्गचित्रे जवळजवळ अमूर्त आहेत. तेत्सुया नोदा 1968 पासून ‘दैनंदिनी’ या मालेत रेशीमछपाईने (सिल्कस्क्रीनने) उमटवलेले छायाचित्र आणि लाकडी ठशाचा रंग एकाच कागदावर आणत आले आहेत, तर कात्सुतोशी युआसा छायाचित्रातील प्रकाश प्लायवूडवर हाताने कोरतात.

या छपाईचे वेगळेपण तिच्या कृतीत आहे. आपल्याकडे लाकडी ठशावर बहुधा रोलरने तेलकट शाई लावून कागद दाबयंत्राखाली घालतात. येथे मात्र पाण्यात कालवलेला रंग आणि किंचित तांदळाची खळ ठशावरच ब्रशने एकजीव करतात, त्यावर ओलसर कागद ठेवतात आणि पाठीमागून ‘बारेन’ नावाच्या गोल, चपट्या साधनाने घासतात. बारेनच्या पोटात बांबूच्या सालपटाची वळलेली दोरी चकलीसारखी गुंडाळलेली असते आणि तिच्या गाठींच्या टोकांनी रंग कागदाच्या धाग्यांत खोल उतरतो. ठशाच्या कोपऱ्यात आणि कडेला कोरलेल्या दोन खाचांत कागद टेकवला की प्रत्येक रंग नेमक्या जागी बसतो. आकाशाचा निळा खाली उतरत विरळ होत जातो, ती छटा कोरलेली नसते. ब्रशच्या एका टोकाला रंग आणि दुसऱ्याला नुसते पाणी घेऊन छपाईकार ती प्रत्येक प्रतीसाठी नव्याने साधतो.

यंत्र लागत नाही आणि विषारी द्रावके लागत नाहीत, यामुळेही ही पद्धत जगभर पसरली. या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद 2011 मध्ये क्योतो आणि आवाजी येथे प्रथम भरली आणि त्यानंतरही भरत आली आहे. ब्रिटनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या अध्यक्षपदी 2019 मध्ये निवडून आलेल्या पहिल्या महिला, रेबेका सॉल्टर, याही क्योतोत राहून हीच छपाई शिकल्या होत्या. चिंतेची बाब साहित्याची आहे: जुन्या रानचेरीच्या चांगल्या फळ्या दुर्मीळ होत चालल्या आहेत आणि उत्तम बारेन बनवणारे हात अगदी थोडे उरले आहेत.

सुरुवात बुल यांच्या यूट्यूबवरील चित्रफितींनी करा, कारण कोरणे आणि छापणे इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळते. त्यानंतर शिनोहारा आणि नोदा यांच्याकडे वळा. पुढे कधी एखादे छापचित्र विकत घ्यायचे ठरले, तर कोरणाऱ्याचे व छापणाऱ्याचे नाव विचारा आणि शक्य असल्यास कागद उलटा करून पाहा. हाताने घासलेल्या छपाईत रंग बहुधा मागच्या बाजूलाही जाणवतो आणि बारेन फिरल्याच्या खुणा दिसतात. ऑफसेट यंत्रावर छापलेल्या नकलेची पाठ कोरी असते.