‘सर, हे बरोबर नाही’ म्हणालो, तरी लिहिलंच

“दरवेळी मी साहेबांना बोलून दाखवतो, आणि शेवटी ते सांगतात तेच करतो. मी इतका लेचापेचा कसा?” प्रश्न विचारणारा तिशीतला तरुण कारखान्यात गुणवत्ता तपासनीस. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मर्यादा 8.0 ची. एकदा मोजमाप 8.1 आलं. साहेब म्हणाले, “पॉइंट एकने काय बिघडतंय? 8.0 लिही.” मग 8.2, मग 8.4. आठ महिन्यांत गाडी 8.9 वर आली आणि वहीत मात्र 8.0 च. 8.9 खपवा असं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर त्याने साफ नकार दिला असता.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी 1961 मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांतही उतार असाच होता. प्रयोग घेणारा सांगेल तसे दुसऱ्या माणसाला विजेचे शॉक द्यायचे. यंत्रावर 30 खटके, 15 व्होल्टपासून 450 पर्यंत, दर खटक्याला फक्त 15 ची वाढ. शॉक खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत 40 पैकी 26 जण शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. हा आकडा सगळे सांगतात. त्यांतले कित्येक घामाघूम झाले होते, हरकत घेत होते, आणि हरकत घेत घेतच खटके दाबत होते, हे कमी सांगितलं जातं.

या तरुणाची गोम नेमकी इथेच होती. ‘हे बरोबर नाही’ म्हटलं की मनावरचं ओझं उतरतं आणि हात मोकळा होतो. कुरकुर म्हणजे नकार नव्हे.

म्हणून वाक्य बदललं: “ही नोंद मी बदलणार नाही. मोजमाप 8.6 आहे, तेच लिहिलंय.” कारण जोडायचं नाही, कारण दिलं की साहेब ते खोडतात आणि आपण निरुत्तर होतो. आकडा आधी लिहायचा, मग साहेबांना दाखवायचा. समुपदेशनाच्या सत्रात हे त्याच्याकडून मोठ्याने दहा वेळा म्हणवून घेतलं. पहिल्या चार वेळा शेवटी “सॉरी सर” आलंच.

दुसरं, सोबत. मिलग्रमच्याच एका मालिकेत शेजारचे दोघे मध्येच थांबले, तेव्हा 40 पैकी फक्त 4 जण शेवटपर्यंत गेले. दुसऱ्या पाळीचा तपासनीसही याच कात्रीत होता. दोघं आठ महिन्यांत एकमेकांशी यावर एकदाही बोलले नव्हते. ते बोलले.

पुढच्या मोजमापाला त्याचा आवाज कापला. साहेब चिडले, वही आपटून गेले. 8.6 तसाच राहिला. मागच्या आठ महिन्यांच्या नोंदींचं काय करायचं, हे अजून ठरायचंय.