ठाण्याजवळच्या येऊरची माकडं माणसांचे चेहरे ओळखतात का?

हो, ओळखू शकतात, कारण चेहऱ्यांसाठी त्यांच्या मेंदूत आपल्यासारखीच खास सोय आहे. येऊरला लंगूर सोडले तर दिसणारी माकडं मकाक गटातली, आणि दृष्टीवरचं बरंचसं मूलभूत संशोधन याच गटावर झालंय. डोळ्यांकडून आलेली माहिती आधी मेंदूच्या मागच्या भागात पोचते. तिथल्या पेशी कडा, रेषा आणि त्यांचा कल टिपतात. पुढे टप्प्याटप्प्याने आकार जुळत जातात आणि कानाजवळच्या बाजूला, मेंदूच्या खालच्या भागात वस्तू ओळखली जाते. हे सगळं सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात! चेहऱ्यांचे खास ठिपके, म्हणजे चेहऱ्यांना प्रतिसाद देणाऱ्या पेशींचे छोटे पुंजके, इथेच असतात. २००६ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ डोरिस त्साओ आणि सहकाऱ्यांनी अशा एका ठिपक्यातल्या पेशी तपासल्या, तेव्हा चित्रांना प्रतिसाद देणाऱ्या पेशींपैकी ९७ टक्के प्रामुख्याने चेहऱ्यांनाच दाद देत होत्या. २०१७ मध्ये तर सुमारे २०० पेशींच्या नोंदींवरून माकडाने पाहिलेला चेहरा जवळपास हुबेहूब उभा करता आला. मला हे विलक्षण वाटतं.

मात्र सवय लागते. जपानमध्ये शास्त्रज्ञ योइची सुगिता यांनी माकडांची पिल्लं चेहरे न दाखवता वाढवली. नंतर ज्यांना आधी माणसांचे चेहरे दिसले, त्यांना माणसांमधलाच फरक चांगला कळू लागला, माकडांमधला नाही. आणि येऊरला माकड तुमच्याकडे धावत आलं, तर बहुतेकदा ते हातातली खाऊची पिशवी बघून. तुम्हाला ओळखलं असं समजू नका.